वरातीच्या गाडीवरून क्लबच्या बूथमध्ये: डीजेगिरीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात छापलं होतं की क्लबमधल्या डीजेच्या करिअरबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. मी मूळचा एरंडोलकडचा, सध्या पुण्यात एका क्लबला रेसिडेंट आहे, म्हणजे पाहुणा डीजे येवो न येवो, वीकेंडला बूथमध्ये मी असतोच. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून मेसेज आले, त्यातले बरेचसे "भाऊ कोणतं मशीन घेऊ" एवढेच होते, त्यांचं उत्तर पहिल्याच प्रश्नात येऊन जाईल.

प्रश्न : मी चाळीसगावचा, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांची डीजेची गाडी आहे, लग्नसराईत तिच्यावर मीच ऑपरेटर असतो. मला क्लबमध्ये ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, वाजवायचंय. पुण्याच्या एका ॲकॅडमीने फी सांगितली ती ऐकून घरी विषयच काढला नाही. कोर्सशिवाय होतं का? आणि गाडीवर शिकलेलं तिकडे चालतं का?

होतं भाऊ. कोर्समध्ये मशीन कसं चालवायचं, मात्रा कशा मोजायच्या, ईक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करणं) काय असतो हे शिकवतात आणि चांगला शिकवणारा असेल तर तुझे पाच-सहा महिने वाचतात, पण जे शिकवता येत नाही ते तुझ्याकडे आधीच आहे. नवरदेव मारुतीच्या पाराजवळ थांबलाय, मित्रांना एक गाणं पाहिजे, मामा लोकांना दुसरं, मागे बाया उभ्या आहेत त्यांनाही एकदा नाचायचंय पण पोरं बाजूला झाल्याशिवाय त्या पुढे येणार नाहीत, आणि कुणीतरी खिडकीतून हात घालून "गानं बदल ना भो" म्हणतंय, आणि हे सगळं बघून तू दोन मिनिटांत ठरवतोस की आता काय लावायचं. पुण्या-मुंबईतल्या पोरांना हे यायला दोन-दोन वर्षं जातात कारण त्यांनी बेडरूममध्ये भिंतीसमोर वाजवलेलं असतं.

पण गाडीवरची एक सवय तुला सोडावी लागेल आणि ती सोडणं मशीन शिकण्यापेक्षा अवघड आहे. वरातीत पहिल्या गाण्यापासून सगळं फुल्ल असतं, प्रेशर कमी झालं की लोक ओरडतात. क्लबची रात्र तशी चालत नाही. साडेनऊला तू सुरू करशील तेव्हा आत आठ-दहा लोक असतील, तेही भिंतीकडेला, वेटर टेबलावर टिश्यू लावत असेल, बारवाला बर्फ फोडत असेल. तेव्हा ११८-१२० बीपीएमचं (मिनिटाला तेवढे ठोके) हाउस, म्हणजे सरळ चार ठोक्यांचं डान्स म्युझिक, लावायचं, आवाज इतका की लोकांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, गायकाचा आवाज शक्यतो नकोच, बेस थोडा बांधून ठेवलेला. कुणी नाचलं नाही तरी चालतं. बघायचं एवढंच की बोलता बोलता मान हलतेय का, आलेला माणूस बारकडून फ्लोअरच्या बाजूला सरकतोय का. साडेअकराच्या आसपास हळूच १२४, मग १२६-१२८, आणि तोपर्यंत मुख्य डीजे आला की त्याला गरम झालेला फ्लोअर द्यायचा, उकळलेला नाही. सगळी हिट गाणी दहालाच वाजवून टाकणारा ओपनिंग डीजे मी दर सीझनला बघतो, त्याला वाटतं आपण फ्लोअर जिंकला, आणि त्याला परत फोन का येत नाही ते कुणी सांगतही नाही.

फ्लोअर हळूहळू तापवायचं हे वॉर्मअपचं काम जुनं आहे, हाउस म्युझिकचं नावच मुळात शिकागोच्या 'द वेअरहाउस' या क्लबवरून पडलं असं सांगतात, तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवायचा. रात्रभर एकटा. जवळ होत्या डिस्को-सोलच्या तबकड्या, टेपवर तुकडे कापून गाणं लांबवायचा, पुढे ड्रम मशीन जोडलं. ॲकॅडमी वगैरे नव्हतीच तेव्हा.

आता मशीन. दोन चॅनेलचा लहान कंट्रोलर घे, डीडीजे-एफएलएक्स४ सारखा, सेकंडहँड मिळाला तर अजून बरं, आणि रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरवरच शिक कारण बहुतेक क्लबमध्ये पायोनिअरचेच सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर असतात. तिथे तू लॅपटॉप घेऊन जायचं नाही, पेनड्राइव्ह घेऊन जायचं. पेनड्राइव्ह दोन ठेव, दोन्हीवर तीच गाणी, आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर, नाहीतर जुने सीडीजे ती वाचतच नाहीत आणि लोकांसमोर तू घामाघूम होतोस. गाणी ३२० केबीपीएसची एमपीथ्री किंवा वेव्ह. युट्यूबवरून ओढलेलं गाणं गाडीवरच्या टॉप स्पीकरवर खपून जातं, क्लबच्या सिस्टिमवर ते पत्र्यासारखं वाजतं आणि साउंडवाला तुझ्याकडे बघतो. एफएलएक्स४ वरून सीडीजेवर गेल्यावर पहिल्यांदा हात अडखळतात, म्हणून पुण्यात तासावर प्रॅक्टिस रूम भाड्याने मिळतात तिथे जा किंवा एखाद्या क्लबच्या साउंडवाल्याशी ओळख काढून दुपारी सिस्टिम चेकच्या वेळेला जा. अर्ध्या तासाचा एक मिक्स रेकॉर्ड करून ठेव, वॉर्मअपचाच, पीकचा (रात्र रंगात आल्यावरचा) नको, मॅनेजरला पीक वाजवणारे ढीगभर मिळतात. मंगळवार-बुधवारची रिकामी रात्र माग. आणि बीए पूर्ण कर, पावसाळ्यात गाडी उभीच असते तेव्हा अभ्यास होतो.

प्रश्न : आमच्या फैजपूरच्या ग्रुपमध्ये वाद चालू आहे. एक म्हणतो सिंक बटन (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) दाबणारा डीजे खोटा. दुसरा म्हणतो सगळेच दाबतात. खरं काय ते सांगा, पार्टीची पैज आहे.

पार्टी दोघांनी अर्धी-अर्धी द्या. टेक्निक्सचं एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ ला आलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं दोन तबकड्यांचा वेग कानाने ऐकून जुळवणे हीच डीजेची पहिली परीक्षा होती. पुढे २००१ ला सीडीजे-१००० आला, तबकडीवर करायचे ते सगळं सीडीवर जमायला लागलं, मग स्क्रीनवर बीपीएमचा आकडा दिसायला लागला, मग बटन. बटनाने फक्त वेग आणि ठोका जुळतो. गाणं कुठे आत आणायचं हे ते सांगत नाही. डान्स म्युझिक आठ, सोळा, बत्तीस बारच्या (एक बार म्हणजे चार ठोके) तुकड्यांत बांधलेलं असतं, तुम्ही दुसरं गाणं मधेच पाचव्या बारवर सोडलं तर ठोका अगदी बरोबर असूनही लोकांचे पाय चुकतात, त्यांना कळत नाही का ते पण फ्लोअर ढिला पडतो. आणि दोन गायक एकाच वेळी गायला लागले तर मग विचारायलाच नको.

शिवाय सिंक चालतं ते सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या ग्रिडवर. जुनं हिंदी गाणं घ्या, ढोलक-ड्रम माणसाने हाताने वाजवलेलं, ते मधे थोडं पळतं थोडं रेंगाळतं, ग्रिड तिथे गंडतो आणि बटन दाबलेलं असूनही गाणी एकमेकांपासून सुटतात. तेव्हा कान लागतो.

करून बघा, स्क्रीनवर पेपर चिकटवा, एक गाणं १२४चं लावा, दुसरं १२६चं, आणि पहिल्याचा वेग पिच स्लायडरने हळूहळू वाढवा. किती, तर साधारण १.६ टक्के. हेडफोनमध्ये दोन्ही गाण्यांच्या किक (ड्रमचा जड ठोका) मागेपुढे असतील तर टांग्याच्या घोड्यासारखं टबडक-टबडक ऐकू येतं, जुळल्या की एकच भरीव ठोका होतो. पहिल्या आठवड्यात वैताग येईल. महिन्या-दोन महिन्यांत जमायला लागलं की मग सिंक दाबा बिनधास्त, मी पण दाबतो, त्या वाचलेल्या वेळात लोकांकडे बघता येतं.

प्रश्न : मी अमळनेरची. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आता म्हणतो नोकरी नको, डीजे व्हायचंय. रात्रभर दारूच्या ठिकाणी राहणं आलं. त्याचे वडील त्याच्याशी बोलेनासे झालेत. यात पोट भरतं का? खरं सांगा.

काकू, खरं सांगायचं तर नुसत्या क्लबवर पोट फार कमी जणांचं भरतं. सुरुवातीला फुकट किंवा जेवण आणि पेट्रोलवर वाजवावं लागतं, रेसिडेंट झालं की महिन्याचे ठराविक मिळतात पण पुण्याचं भाडं भरून हातात किती उरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पोस्टरवर ज्यांची नावं मोठी दिसतात ते मूठभर. बाकी आम्ही सगळे क्लबबरोबर कॉर्पोरेट पार्ट्या, लग्नातलं संगीत, शिकवणी, कुणाला ट्रॅक बनवून देणं असं चार ठिकाणून गोळा करतो. पैसे उशिरा मिळतात, कधीकधी मिळतच नाहीत, म्हणून निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय निघायचं नाही हे त्याला आत्तापासून शिकवा, हे आईचं सांगणं त्याला उपयोगी पडेल.

दारूचं म्हणाल तर बूथमध्ये ती फुकट मिळते आणि नको म्हणणाऱ्याला हसतात. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं हा कायदा आहे, बूथमध्ये वय कुणी विचारत नाही. स्वीडनचा अविची जगातल्या सगळ्यात मोठ्या डीजेंपैकी होता, दारूने स्वादुपिंडाला सूज आली, २०१६ ला त्याने दौरे बंद केले आणि २०१८ ला मस्कतमध्ये २८ व्या वर्षी तो गेला. घाबरवायला सांगत नाही, तुमच्या मुलाला हे माहीत असणारच, त्याला विचारा की तो काय ठरवून बूथमध्ये जाणार आहे. माझ्या ओळखीचे बरेच चांगले डीजे रात्रभर लिंबू सोडा पितात. क्लब दीडला बंद होतो, आवरून घरी पोचायला तीन, झोप चारला, आणि हे आठवड्यातून तीन-चार दिवस, शरीराला हेही दारूइतकंच लागतं, याच्याकडे घरचे लक्ष देत नाहीत.

डिग्री पूर्ण होऊ द्या, त्यावर तडजोड नको. नंतर एक वर्ष नोकरी करत वीकेंडला वाजवू दे, बरेच जण असंच करतात. आणि काकांना म्हणा, बोलू नका हवं तर पण एकदा हेडफोन लावून त्याचा एक तासाचा मिक्स ऐका. इंजिनिअरिंग झालेल्या पोराला साउंडमध्ये डीजेशिवायही कामं आहेत, लाइव्ह साउंड, सिस्टिम बसवणं, स्टुडिओ, त्यात पगार वेळेवर येतो.

प्रश्न : मी नंदुरबारची मुलगी आहे. सुरत जवळ, पुणे लांब. शिकायला आणि काम करायला कुठे जाऊ? मुलींना हे क्षेत्र कसं आहे?

ताई, सुरतला क्लबची आशा ठेवू नका. गुजरात राज्य झाल्यापासून तिथे दारूबंदी आहे, आपल्याकडचा नवापूर स्टेशनचा प्लॅटफॉर्म अर्धा तिकडे अर्धा इकडे, त्या रेषेने तुमच्या करिअरचा एक भाग ठरतो बघा. पण नवरात्रीत सुरत सोडू नका. नऊ रात्री मोठ्या मैदानांवर काम असतं, साउंडवाल्यांना हाताखाली माणसं लागतात, आणि गरब्याचा हिंच ठेका सहा मात्रांचा, हाउस चारच्या हिशेबात, दोन्ही हातात बसलं तर लग्नाच्या संगीतात तुम्हाला तोड नाही. क्लबसाठी पुणे किंवा मग इंदूर, शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्याने इंदूर तुम्हाला पुण्यापेक्षा जवळच पडेल.

मुलींचं म्हणाल तर पुण्या-गोव्याकडे मा फैजा यांनी खूप आधीपासून फ्लोअर हलवलेत, आणि बेल्जियमच्या टुमॉरोलँडसारख्या फेस्टिव्हलचा मुख्य स्टेज २०२२ ला शार्लट डी विट हिने टेक्नो वाजवून बंद केला. वाजवण्याचं कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही. त्रास बूथच्या बाहेर आहे. नेणं-आणणं आणि राहायची खोली व्हॉट्सॲपवर लेखी घेतल्याशिवाय बाहेरगावची गिग घेऊ नका, गाडी आयोजकाची असेल तर ड्रायव्हरचा नंबर आधी घरी पाठवा, सुरुवातीला बरोबर कुणीतरी न्याच. "लेडी डीजे" म्हणून पोस्टर छापून पैसे मात्र कमी देणारे भेटतील, त्यांना सरळ विचारा की त्याच रात्री बाकीच्यांना किती देताय.

प्रश्न : भुसावळहून लिहितोय. बऱ्याच सीझनपासून गाडीवर आहे. आजकाल घरी झोपायला पडलो की कानात शिट्टी वाजते. मित्र म्हणतात सवय होते.

सवय होत नाही, ऐकू येणं कमी होतं म्हणून तसं वाटतं. दुसऱ्या कामाआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घ्या, कानाचा आलेख काढतात, दुखत नाही. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत.

हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आठ तास सहन होतं आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला पंधरा मिनिटं. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था हाच हिशेब लावते. गाडीसमोर उभं राहिल्यावर आवाज १०० च्या खाली क्वचितच असतो, तुम्ही तिथे चार-पाच तास असता, वर जनरेटर वेगळाच. कापूस आपल्याकडे ढिगाने पिकतो पण कानात घालून उपयोग जवळजवळ शून्य. म्युझिशियन इअरप्लग मिळतात, त्याने गाणं गढूळ होत नाही फक्त सगळं सारखं खाली येतं. क्लबमध्ये आम्ही बूथ मॉनिटर (डीजेकडे तोंड केलेला स्पीकर) कमी ठेवतो आणि हेडफोन एकाच कानाला, आणि मिक्स झाला की आवाज खाली.

कायद्याचं पण लक्षात असू द्या, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. काही मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते तेवढीच. हल्ली गाड्या पकडल्या जातात, सोडवायला मालक जातो पण ठाण्यात रात्र ऑपरेटरची जाते.

प्रश्न : धुळ्याचा आहे. अहिराणी गाण्यांवर ईडीएम बनवायचंय. क्लबवाले ऐकतील का? कॉपीराइटचं काय?

मला या कॉलमसाठी आलेल्यात सगळ्यात जास्त आवडलेला प्रश्न हा. १९८२ ला मुंबईत चरणजित सिंग नावाच्या फिल्मी वादकाने रोलँडचं टीबी-३०३ बेस सिंथ आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. पुढे पाचेक वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ च्या आवाजावर ॲसिड हाउस नावाचा हाउसचा प्रकार उभा राहिला आणि २०१० मध्ये ही रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जग चक्रावलं. त्यांना राग जवळचे होते म्हणून त्यांनी राग घेतले, तुला अहिराणी जवळची आहे.

आता करताना एक कर, युट्यूबवर गाजलेलं अहिराणी गाणं उचलून त्याखाली किक घालू नको. त्याचा गायक, लेबल, मालक सगळे जिवंत आहेत, परवानगीशिवाय टाकलंस की युट्यूबचा कॉपीराइट स्ट्राइक येतो, आणि खरं म्हणजे ते सगळेच करून राहिले. त्यापेक्षा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बायका गातात ते, कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, ही परंपरेची, यांच्यावर कुणा एकाची मालकी नाही, पण कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग मात्र त्याचं असतं म्हणून तू स्वतः रेकॉर्ड कर. आजीला, मावशीला बसव, मोबाइलवर नको, साधा रेकॉर्डर आण, पंखा बंद कर, कोंबड्या आल्या तर येऊ दे. त्यांची लय मोकळी असते, ती कापून ग्रिडवर ठोकायची घाई करू नको, ओळ पूर्ण वाजू दे आणि किक तिच्या मागून आण, १२०-१२२ वर. सातपुड्यातली पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) मिळाली तर तिचा एक सूर लांब धरून ठेवला तरी ब्रेकडाउन (किक थांबते ती जागा) होतो. आणि गाणाऱ्या बाईचं नाव ट्रॅकवर टाक, पैसे आले तर वाटा दे.

वाजवायच्या परवान्याचं म्हणशील तर लग्न आणि लग्नाचे कार्यक्रम कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सुटलेले आहेत, म्हणून वरातीत तुला कुणी विचारत नाही. क्लबला ती सूट नाही, तिथे रेकॉर्डिंगसाठी पीपीएल वगैरे कंपन्यांचं आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन्स लागतं, ते क्लबने काढायचं असतं, तुझ्या मानधनातून कापत असतील तर नाही म्हण. आणि स्वतःची चाल-शब्द असतील तर तू पण आयपीआरएसचा मेंबर हो.

क्लबवाले ऐकतील का, तर "खान्देशी रिमिक्स" म्हणून विकायला गेलास तर हसतील, तेव्हा काही न सांगता सेटच्या मधे लाव. फ्लोअर थांबला नाही तर मॅनेजर स्वतः विचारायला येतो.

प्रश्न : रावेरचा आहे. डीजे म्हणून नाव काय ठेवू? गावाचं लावू का?

लाव की. फक्त स्पेलिंग सगळीकडे एकच ठेव, इन्स्टावर एक, पोस्टरवर दुसरं आणि पेमेंटच्या बिलावर तिसरं असं झालं की बुकिंगवाल्याला तू सापडत नाहीस आणि अकाउंटवाल्याला सापडायचं नसतंच.